जंगाल

आगोट जवळ आली की रत्नागिरीच्या खाडीकाठच्या वाड्यांतून मला बोलावणी येऊ लागतात आणि बहुतेकांची कैफियत एकच असते की, पंप नुसता घुरघुरतो, उचल घेत नाही. अशा वेळी पंपाला हात लावण्यापूर्वी मी मेनचे किटकॅट काढून खिशात घालतो आणि खांबावरची पेटी उघडतो. परवा उघडलेल्या पेटीत कोणा उत्साही गृहस्थाने तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला पिळून वर काळ्या टेपचे सात-आठ वेढे दिले होते. ते सोडविताच आतून पाणी ठिबकले, आणि तांब्यावर मोरपिशी जंगाल व ॲल्युमिनियमच्या जागी ओल्या चुन्यासारखी पांढरी भुकटी दृष्टीस पडली. तशा जोडातून प्रवाह रडतखडत जातो, जोड तापतो, आणि पंपाच्या वाट्याला व्होल्टेज उरत नाही.

या दोन धातूंच्या प्रमाण विभवांत सुमारे २ व्होल्टचे अंतर असल्यामुळे, खाऱ्या वाऱ्याचा ओलावा मध्ये शिरताच, व्होल्टाने १८०० साली जगापुढे मांडलेल्या विद्युत्घटाचीच एक चिमुकली आवृत्ती तेथे सिद्ध होते. आणि तीत झिजते ते नेहमी ॲल्युमिनियम. म्हणून एका अंगाने तांबे व दुसऱ्या अंगाने ॲल्युमिनियम असलेला लग वापरावा, आणि ॲल्युमिनियम वर व तांबे खाली ठेवावे, कारण तांब्यावरून ओघळलेले पाणीदेखील ॲल्युमिनियमला खाते. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात पुन्हा ऑक्साइडचे पुट चढत असल्याने, माझे वस्ताद आधी ग्रीस थापून त्याच्या आडूनच तारेचा ब्रश फिरवीत. प्रथम मला तो गलिच्छपणा वाटे.

केबल पेटीत खालून घ्यावी व त्यापूर्वी तिला झोळ द्यावा, म्हणजे पागोळी झोळाच्या तळाशी गळून जाते, हे सर्वांना पटते. पटत नाही ते पेटीच्या तळाचे भोक. वास्तविक कितीही घट्ट मिटलेली पेटी उन्हात हवा सोडते आणि रात्री गार होताना दमट हवा आत ओढते. पावसाचा थेंबही न शिरता तिच्यात दव साचते, आणि त्याला बाहेर पडण्याची वाट ठेवणे हाच माझ्या मते खरा बंदोबस्त.

"अहो मिस्त्री, पाऊस अडवायला पेटी घेतली, आणि तुम्ही तिलाच भोक पाडताय?" असे एका बागायतदार काकांनी गेल्या वर्षी विचारले. मी पाव इंचाचे भोक पाडून, वरील सारी हकीकत सांगून, निरोप घेतला. यंदा गेलो तेव्हा त्या भोकात मेण भरलेले होते.