वेल्ह्याची वाट आणि एक हरवलेली क्लिप

पुण्याहून वेल्ह्यास जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक नसरापुरावरून, सोयीची. दुसरी खडकवासला व खानापूर ओलांडून पाबे घाटाची, चढाची परंतु रमणीय. घाटमाथ्यावरून तोरणा व राजगड हे दोन्ही दुर्ग दृष्टीस पडतात. तोरण्याची डागडुजी करितांना धन सांपडलें व त्यांतून राजगड उभा राहिला, अशी परंपरागत समजूत आहे. शासनानें २०२४ सालीं तालुक्यास राजगडाचें नांव देण्याचें ठरविलें. तथापि जुन्या माणसांच्या तोंडीं वेल्हें हेंच नांव आहे.

गतवर्षीं कार्तिकांत आम्ही या घाटानें गेलों तें पुतण्याच्या मोटरसायकलवर. गाडी मूळची त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या कैलासवासी वडील बंधूंची. मद्रासेस १९५५ सालीं बुलेट गाडीची जुळणी सुरू झाली, त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतील ही गाडी. तिचा कार्ब्युरेटर अमल बनावटीचा. वहिनींनीं निक्षून सांगितलें होतें कीं, या खेपेस गाडी धड घरीं आली नाहीं तर ती मोडींत काढावयाची.

घाट उतरल्यावर पाबे गांवाजवळ इंजिन अडखळूं लागलें. चिरंजीवांनीं रस्त्याच्या कडेसच कार्ब्युरेटर उघडला. जेटमधील कचरा निघाला. परंतु सुई काढतांना तिची क्लिप उडून गवतांत गेली, ती अर्धा तास शोधूनहि सांपडली नाहीं.

ही क्लिप म्हणजे नखाएवढी पोलादी पट्टी. सुईच्या माथ्याजवळ बारीक खांचा असतात. त्यांपैकीं एकींत ती बसते व सुईस योग्य उंचीवर धरून ठेवते. ती नसली कीं सुई खालीं जेटमध्यें घसरते, पेट्रोलची वाट अडते आणि चढावर इंजिन दम सोडतें.

गाडी टेंपोंत घालून वेल्ह्यास नेली. तेथील मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, तार गुंडाळून देतो, पण ती सुटून आत गेली तर इंजिनच जाईल. त्यापेक्षा सुई घेऊन पुण्याला जाऊ द्या यांना.” त्याचें हें बोलणें आम्हांस कोणत्याहि पंडिताच्या उत्तराइतकें मोलाचें वाटलें. हरवलेल्या वस्तूचा नमुना हातीं नसतो हें खरें. परंतु ती जेथें बसत होती ती जागा शिल्लक असते, आणि माप तेथूनच घ्यावयाचें असतें.

आम्ही एका माजी विद्यार्थ्याकडे मुक्काम केला व सकाळीं गडावरील मेंगाईस दुरूनच नमस्कार केला. पुतण्या पहिल्या एस. टी.नें पुण्यास जाऊन नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें हिंडला. एकसारख्या दिसणाऱ्या तीन क्लिपा सुईवर लावून पाहिल्या. दोन सैल पडल्या, तिसरी खांचेंत घट्ट बसली. सायंकाळीं गाडी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशीं तोच घाट न अडखळतां चढून घरीं आली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु मोडींत काढण्याची गोष्ट त्यानंतर घरांत निघाली नाहीं.

जें क्लिपेचें तेंच स्क्रूचें. जुन्या इंग्रजी यंत्रांतील ‘शून्य बी. ए.’ मापाचा स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या दोन आट्यांमध्यें १ मिलिमीटर अंतर. आजचा मेट्रिक ६ मिलिमीटरचा सामान्य स्क्रूहि तसाच. परंतु पहिल्याच्या आट्यांचा कोन ४७½ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा. हातास दोन्ही सारखेच भासतात; मात्र जोरानें आवळल्यास कार्ब्युरेटरच्या मऊ धातूंतील आटे बिघडतात. जेटवरील आंकडाहि त्यांतून वाहणाऱ्या पेट्रोलचें प्रमाण दाखवितो. म्हणून त्याच्या छिद्रांत तार घालून तें मोठें करूं नये.

ज्यांच्या घरीं वडिलांची अशी एखादी गाडी असेल, त्यांनीं कार्ब्युरेटर घरींच, पेट्रोलची तोटी बंद करून, पांढरें फडकें अंथरलेल्या परातींत उघडावा. जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. निघालेला प्रत्येक भाग क्रमानें वाटींत ठेवावा. पितळी जेट लोहचुंबकास लागत नाहीं. तो पडल्यास परातींतच पडलेला बरा. आणि अमल कार्ब्युरेटराची गाडी घेऊन पाबे घाटास निघावयाचें असेल, तर सुईची एक जादा क्लिप पुडींत बांधून अवश्य जवळ ठेवावी.