कवच आहे की गळालं?

रोटाव्हायरसच्या बाहेरच्या कवचाला धरणारं प्रतिपिंड वापरायचं ठरलं की मी आधी बफर बदलते. एरवीच्या एलायझा तपासणीत चालणारा फॉस्फेटचा बफर इथे टाळायचा, कारण फॉस्फेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. ईडीटीएचा तर थेंबही नको. ट्रिस घ्यायचं आणि त्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचं. व्हीपी7 या प्रथिनाचे 780 रेणू तीन-तीनच्या गटांनी त्या कवचावर बसलेले असतात आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम असतं. उसाच्या मोळीचा बांध तुटावा आणि ऊस पसरावा, तसं कॅल्शियम काढलं की कवच सुटून येतं. काही उत्तम प्रतिपिंडं नेमकी या सांध्यावर, शेजारच्या दोन रेणूंना एकदम धरून बसतात. गटच मोडला तर त्यांना धरायला काही उरत नाही.

सोनई हे माझं माहेर. दिवाळीच्या आसपास मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पाथर्डीकडून, बीडकडून माणसं येतात आणि तान्ही मुलंही बरोबर येतात. रोटाव्हायरसचा जोरही आपल्याकडे थंडीतच, डिसेंबर ते फेब्रुवारीत. वर्षाखालच्या लेकराला पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या की आईचा फड बुडतो, रोज बुडतो, आणि तरी ती लेकराला घेऊन बसते. तिला हवा असतो ओआरएस आणि वेळेवर दवाखाना. विषाणूचं नाव कळल्याने त्या रात्री तिचं काही बदलत नाही. पण पुढच्या थंडीतल्या लेकरांसाठी कोणाला तरी ते नाव नीट लिहून ठेवावं लागतं, आणि ते काम माझं आहे.

1973 साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत हा विषाणू पाहिला, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला होता. दोनच वर्षांनी कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तितकं बनवण्याची रीत शोधली, आणि पुढे हेच काम एलायझाच्या 96 वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटवर आलं. तळाला एक प्रतिपिंड चिकटवायचं, वर शौचाच्या नमुन्याचं द्रावण, त्यावर दुसरं प्रतिपिंड, मग रंग. नेहमीच्या तपासणीतलं प्रतिपिंड मधल्या थरातल्या व्हीपी6 ला धरतं. तो थर टणक आणि फारसा न बदलणारा. देशभरातल्या रुग्णालयांच्या पाहणीत जुलाबाने दाखल झालेल्या लहान मुलांपैकी सुमारे 40 टक्क्यांमध्ये रोटाव्हायरस आढळला, तो याच तपासणीतून.

विषाणूचा प्रकार जी1 आहे, जी2 आहे की जी9, हे मात्र बाहेरचं व्हीपी7 ठरवतं. आणि इथे कोरी राहिलेली वेल मला अस्वस्थ करते. व्हीपी6 ची वेल गडद पिवळी, पण प्रकार ओळखणाऱ्या सगळ्या वेल कोऱ्या: याचा अर्थ काय? कदाचित आपल्याकडच्या प्रतिपिंडांना ठाऊक नसलेला प्रकार असेल. कदाचित नमुना वारंवार गोठून वितळला आणि कवच वाटेतच गळलं असेल. म्हणून प्लेटवर आणखी एक प्रतिपिंड हवंच, अनेक प्रकारांच्या व्हीपी7 ला सारखंच धरणारं. ते रंगलं तर कवच शाबूत आहे, आणि मग नवा प्रकार शोधायला जनुकाकडे वळायचं. तेही कोरं राहिलं तर त्या नमुन्याच्या कवचाबद्दल या प्लेटवरून काहीच बोलायचं नाही. खर्च वाचवायला ही एक ओळ गाळली जाते, याचा मला राग येतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासील लस याच कवचावर बेतलेली आहे: गाईच्या रोटाव्हायरसवर माणसांतल्या पाच प्रकारांचं, जी1, जी2, जी3, जी4 आणि जी9 यांचं, व्हीपी7 चढवलेलं. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात रोटाव्हायरसची लस 2019 मध्ये आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला डोस. या आठवड्यांत आईबाप एका फडावरून दुसऱ्या फडावर गेले तर डोस चुकू शकतो. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत कोणते प्रकार सापडतात, हे वर्षानुवर्षं पाहत राहायला हवं. म्हणूनच ‘प्रकार ओळखता आला नाही’ आणि ‘कवच आढळलं नाही’ या दोन नोंदी मी एका रकान्यात लिहू देत नाही.