उच्च व्याख्येचा टीव्ही

"एचडी म्हणजे काय गं?" आजीने विचारलं.

"हाय डेफिनिशन."

"म्हणजे?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा एक तोटा. डोक्यात भराभर भाषांतर झालं आणि तोंडातून निघालं, "उच्च व्याख्या."

"कुणाची व्याख्या?"

2023 च्या दिवाळीतली गोष्ट. आमचा 21 इंची डबा टीव्ही अखेर गेला आणि माझ्या सांगण्यावरून बाबांनी 43 इंची फुल एचडी घेतला. मी ईएनटीसीची, त्यामुळे घरात अशा बाबतीत माझा शब्द प्रमाण! टीव्ही भिंतीवर चढला, जुना सेट-टॉप बॉक्स जोडला, सगळे समोर बसले... आणि चित्र चक्क आधीपेक्षा वाईट! चेहरे धुरकट, अक्षरांच्या कडा फाटलेल्या. त्यात जुना मराठी सिनेमा ताणून पडदाभर केल्यामुळे नायिका एक तृतीयांशाने रुंद झालेली. बाबा काही बोलले नाहीत. पावतीची नीट घडी करून ती कपाटात ठेवली, एवढंच. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा खरा अभ्यास केला. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपण करतो तो नव्हे!) 'हाय' हा शब्द किती लवचिक आहे ते तेव्हा कळलं. 1936 साली बीबीसीने लंडनहून 405 ओळींचं प्रक्षेपण सुरू केलं, त्यालाही 'हाय डेफिनिशन'च म्हणत, कारण त्याआधी बेअर्डसाहेबांचं चित्र 30 ओळींचं होतं! आपल्या दूरदर्शनने एचडी दाखवलं ते 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. आणि डेफिनिशन म्हणजे इथे व्याख्या नाही, रेखीवपणा.

सकाळी आजीच्या ट्रंकेवरचा मॅटीचा रुमाल घेऊन तिच्यापुढे बसले. त्यावर तिने लग्नाआधी भरलेला मोर आहे.

"आजी, हा मोर जसा टाक्यांचा, तसं टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं. जुन्या पद्धतीत 576 ओळी, प्रत्येकीत 720 ठिपके. झाले 4,14,720. फुल एचडीत 1080 ओळी आणि ओळीत 1920 ठिपके, म्हणजे 20,73,600. बरोब्बर पाचपट!"

"म्हणजे मॅटी बारीक."

"हो!"

"मग कापड बारीक आणलंस, पण नमुना जाड्या कापडाचाच असणार."

मी गप्प. रात्रभर बसून मला जे कळलं होतं ते हेच. आमचा बॉक्स साधा, एचडी नसलेला. तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला, आणि त्या वायरीतून एचडी चित्र येऊच शकत नाही. टीव्हीला मिळणार चार लाख ठिपके, भरायच्या वीस लाख जागा. उरलेलं तो शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणून ते धुरकट.

मग तेच चित्र डबा टीव्हीवर बरं का दिसायचं? साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाहून जवळचे दोन ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. गणित केलं तर 21 इंची टीव्हीवर त्या 576 ओळी सव्वासहा फुटांपलीकडून एकजीव होतात. 43 इंचीवर मात्र साडेदहा फूट मागे जावं लागतं, आणि बाबांची खुर्ची आहे सात फुटांवर! खरं एचडी असेल तर तिथे साडेपाच फूट पुरतात. टीव्ही निर्दोष होता. (मीही, निदान निम्मी.)

उपाय सोपा. एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर आणि वाहिन्यांचं एचडी पॅक. "म्हणजे अजून पैसे," बाबा म्हणाले. पहिल्या महिन्याचे मी माझ्या हॉस्टेलच्या खर्चातून दिले, त्या महिन्यात कँटीनचा वडापाव बंद. नवा बॉक्स जोडला तेव्हा क्रिकेटची मॅच चालू होती. बाबा काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची फूटभर पुढे ओढली.

आजी म्हणाली, "मला तर काही फरक दिसत नाही."

टेप घेऊन मोजलं. तिची खाट टीव्हीपासून अकरा फुटांवर. म्हणजे डोळे अगदी ठणठणीत असले तरी तिथून दोन्ही सारखंच दिसणार! हे सगळं मी तिला शुद्ध मराठीत, आकड्यांसकट समजावून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आवाज वाढव जरा."