अडगळींतला खेळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही दरेकसा येथें आमच्या घरीं होतों. एके दिवशीं सकाळीं आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव कपाट धुंडाळून पुठ्ठ्याचें एक खोकें घेऊन आले व तें आमच्यापुढें ठेवून उभे राहिले. खोक्यांत व्हिडिओ गेमच्या सात डिस्क होत्या. नागपुरांतील एक दुकानदार जुन्या डिस्क घेतो आणि त्यांच्या मोबदल्यांत नव्या खेळाच्या किंमतींत सूट देतो, असें त्यांना एका मित्राकडून कळलें होतें. "बाबा, ह्या आतां कोणी खेळत नाहीं. नुसत्या पडून आहेत. देऊन टाकूं का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्नांत वावगें कांहींच नव्हतें. पडून असलेली वस्तु दुसऱ्याच्या उपयोगीं पडावी व आपलेहि चार पैसे वांचावे, ही काटकसर आम्ही वर्गांत नेहमींच शिकवीत आलों आहों. जुन्या कपड्यांवर भांडें देणारी बोहारीण आपणां सर्वांच्या दारावर येऊन गेली आहे. जून महिना उजाडला कीं वरच्या वर्गांतील मुलें आपलीं पुस्तकें खालच्या वर्गांतील मुलांस अर्ध्या किंमतींत देतात, त्यांतहि तत्त्व हेंच आहे. तेव्हां आम्ही होकार देणारच होतों. इतक्यांत एका डब्याच्या आंतल्या बाजूस पेनानें लिहिलेलें एक नांव दिसलें. तें आमच्या घरांतील कोणाचेंहि नव्हतें.

"ही कोणाची?" आम्हीं विचारलें.

"मावसभावाची. मागच्या उन्हाळ्यांत तो येथेंच विसरून गेला. त्यानें कधीं मागितलीसुद्धां नाहीं."

हें शेवटचें वाक्य ऐकतांच आम्ही चपापलों; कारण हेंच वाक्य तीस वर्षांहून अधिक काळापूर्वीं आम्हीं स्वतः आपल्या मनाशीं उच्चारलें होतें. ती हकीकत आजवर आम्हीं कोणास सांगितली नव्हती. त्या दिवशीं ती मुलास सांगितली, आणि आज आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगत आहों.

गोष्ट १९९३ सालची. गोंदिया हा त्या वेळीं जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. आमचें दरेकसा म्हणजे नागपूर-हावडा लोहमार्गावरील डोंगरझाडींतील एक लहानसें स्टेशन. पुढें गाडी बोगद्यांत शिरते. पावसाळ्यांत जवळच हाजरा धबधबा कोसळत असतो. वडील शिक्षक होते. आमच्या मामांनीं त्या वर्षीं आम्हांला टेलिव्हिजनास जोडावयाचें व्हिडिओ गेमचें यंत्र भेट दिलें. निंतेंदो नांवाच्या जपानी कंपनीनें १९८३ सालीं जें यंत्र बाजारांत आणलें, त्याच्या नकला त्या काळीं आपल्या देशांत गांवोगांव विकल्या जात. आमचें यंत्र त्यांपैकींच एक होतें. त्यांत खेळाची जी चौकोनी डबी बसवीत, तिला सारेजण कॅसेट म्हणत, जरी तिच्यांत फीत नसे. खेळ सुरू न झाल्यास कॅसेट काढून तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा आम्हां मुलांचा ठरलेला उपाय!

यंत्र आमचें होतें; परंतु चांगली कॅसेट आमच्या एका सवंगड्याची होती. त्याचे वडील रेल्वेंत गँगमन होते. ती कॅसेट ‘काँट्रा’ ह्या खेळाची. त्यांत दोन शिपाई जोडीनें पुढें जातात. प्रत्येकास तीन जीव मिळतात. आणि एकाचे जीव संपले म्हणजे त्याला सोबत्याच्या सांठ्यांतला जीव घेतां येतो. आमचे जीव नेहमीं आधीं संपत. आम्ही त्याचे घेत असूं व तो कधीं कुरकुर करीत नसे.

जुलै महिन्यांत त्याच्या वडिलांची नैनपूरकडे बदली झाली. आदल्या रात्रीं आम्ही दोघे उशिरापर्यंत खेळलों. सकाळीं तीं मंडळी सामानासह गाडींत बसून गेलीं. कॅसेट आमच्या यंत्रांतच राहिली. तो ती न्यावयास विसरला, कीं आम्हांस खेळावयास मिळावी म्हणून ठेवून गेला, हें आम्हांला आजहि ठाऊक नाहीं.

जोडीचा खेळ एकट्यानें किती दिवस खेळणार? महिन्याभरांत ती कॅसेट अडगळींत पडली. पुढें दिवाळीस वडिलांबरोबर गोंदियास गेलों असतां एका दुकानावर पाटी दिसली: जुनी कॅसेट आणा, नवीवर सूट मिळवा. दुकानाच्या कांचेआड एक झगझगीत कॅसेट होती व तिच्यावर ९९९९ खेळ असल्याचें छापलें होतें. किंमत २०० रुपये. जुनी कॅसेट दिल्यास १४०. एकीकडे एक खेळ आणि दुसरीकडे दहा हजारांस एक कमी! आमच्या बालबुद्धीस हा हिशेब फार मोठा वाटला. ‘त्यानें कधीं मागितलीसुद्धां नाहीं,’ असें मनाशीं म्हणून पुढच्या खेपेस आम्हीं ती कॅसेट दप्तरांत घालून नेली आणि दुकानदाराच्या हवालीं केली. कॅसेट कोणाची, हें वडिलांनीं विचारलें तेव्हां "आपलीच" असें आम्हीं सांगितलें.

घरीं येऊन पाहतों तों ९९९९ खेळ म्हणजे आठ-दहाच खेळ! रंग किंवा वेग बदलून तेच ते पुन्हां पुन्हां मोजलेले. परंतु त्या फसगतीचें दुःख पुढें जें घडलें त्यापुढें कांहींच नव्हे.

माघी पौर्णिमेस कचारगडाची यात्रा भरते. गोंड समाजाचे भाविक दूरदूरहून येतात व दरेकसा स्टेशनावर उतरून गडाकडे जातात. आमच्या सवंगड्याचें कुटुंबहि त्या वर्षीं यात्रेस आलें. दर्शन आटोपून तो धांवतच आमच्या घरीं आला. पाणीहि न पितां म्हणाला, "चल, काँट्रा लाव. आज तूं माझे जीव घेऊं नको बरें!"

आम्हीं मान खालीं घालून सांगितलें, "ती बिघडली. टाकून दिली."

तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला व म्हणाला, "असूं दे." मग आम्हीं ती ९९९९ खेळांची कॅसेट लावली. थोडा वेळ खेळून तो उठला. संध्याकाळच्या गाडीस पोंचवावयास आम्ही स्टेशनावर गेलों, तेव्हां गाडी हालतांना त्यानें खिडकींतून हात केला. तो जितक्या मोकळेपणानें हात हालवीत होता, तितकाच आमचा हात जड झाला होता.

वडील शेजारींच उभे होते. घरीं परततांना त्यांनीं एवढेंच विचारलें, "जी कॅसेट गोंदियास दिली, ती त्याची होती का?" आम्ही रडूं लागलों. ते रागावले नाहींत. म्हणाले, "वस्तु वापरांत नसणें निराळें आणि तिच्यावरची मालकी सुटणें निराळें. अडगळ तुझी होती. कॅसेट त्याची होती."

पुढच्या शनिवारीं ते आम्हांस घेऊन गोंदियास गेले. परंतु कॅसेट केव्हांच विकली गेली होती. साठ रुपये सूट देऊन घेतलेली ती कॅसेट आठवड्याच्या आंतच १२० रुपयांस गेली, असें दुकानदारानें सांगितलें. आम्हांला त्याचा राग आला. पण वडिलांनीं तो राग टिकूं दिला नाहीं. दुकानाचें भाडें, दिव्याचें बिल, न खपणाऱ्या मालांत अडकलेले पैसे, परत आलेल्या नादुरुस्त कॅसेटी, हें सारें त्या फरकांतूनच भागावयाचें असतें, असें त्यांनीं समजावून सांगितलें. शिवाय त्यानें रोख साठ रुपये दिले नव्हते. सूट दिली होती. सुटीचा लाभ घ्यावयाचा तर १४० रुपये त्याच दुकानीं मोजणें भाग. व्यवहार त्याच्या बाजूनें चोख होता. खोट होती ती आमच्या बाजूची.

घरीं येऊन वडिलांनीं आमच्याकडून मित्रास एक कार्ड लिहवून घेतलें. त्यांत खरें तें सारें लिहिलें. उत्तर आलें नाहीं. कदाचित् कार्ड पोंचलें नसेल, कदाचित् पुन्हां बदली झाली असेल. तो आम्हांस पुढें कधीं भेटला नाहीं.

ही हकीकत ऐकून चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं विचारलें, "पण बाबा, आतां पुष्कळ खेळ इंटरनेटवरूनच घेतात. त्यांची डिस्कच नसते. त्यांची अदलाबदल कशी करावयाची?"

प्रश्न मार्मिक होता. एकदां पैसे देऊन घेतलेली वस्तु घेणाऱ्यानें पुढें कोणासहि विकावी, हा नियम जगानें मोठ्या वादानंतर मान्य केला आहे. अमेरिकेंत एका प्रकाशकानें आपलें पुस्तक एका डॉलरपेक्षां कमी किंमतीस विकूं नये, अशी सूचना पुस्तकांतच छापली होती; एका दुकानानें तें ८९ सेंटांस विकलें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालीं निर्णय दिला कीं, पहिल्या विक्रीनंतर प्रकाशकास अशी अट घालतां येत नाहीं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००२ सालीं वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या विक्रीस मोकळीक दिली. २०१३ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या नव्या यंत्रासाठीं जुन्या डिस्कच्या देवघेवीवर बंधनें जाहीर केलीं, तेव्हां खेळणाऱ्यांनीं एवढा गिल्ला केला कीं तीं थोड्याच दिवसांत मागें घ्यावीं लागलीं. परंतु इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या खेळाची तऱ्हा वेगळी. त्यांत बहुधा आपणांस खेळण्याचा केवळ परवाना मिळतो, वस्तु मिळत नाहीं. ही गोष्ट गिऱ्हाइकास स्पष्ट सांगितली पाहिजे, असा कायदा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत २०२५ पासून लागू झाला आहे.

असा खेळ दुकानांत देऊन सूट मिळवितां येत नाहीं, हें तर खरेंच. पण तो मित्राच्या घरीं विसरूनहि राहत नाहीं. ज्या गुणामुळें वस्तु विकतां येते, त्याच गुणामुळें ती उसनीहि देतां येते. आमच्या मित्राची कॅसेट आमच्या घरीं राहूं शकली म्हणूनच ती आम्हांला लबाडीनें विकतां आली, आणि म्हणूनच ती प्रामाणिकपणें परत करण्याची संधीहि आमच्या हातीं आली होती. ती आम्हीं दवडली.

बालमित्रहो, जुन्या वस्तूंची अदलाबदल अवश्य करा. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. फक्त दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहा. वस्तु खरोखर आपली आहे का? नसेल तर ती ज्याची त्यास विचारा. घरांतील लहान भावंडाची असेल तरीहि विचारा. दुसरें, सूट म्हणजे मिळकत नव्हे. ज्या नव्या वस्तूवर सूट घ्यावयाची, ती सूट नसती तरी हवी होती का? आणि तिसरें, एकाच्या बदल्यांत ९९९९ मिळूं लागले, तर ते एकदां मोजून पाहा.

असो. त्याच संध्याकाळीं चिरंजीवांनीं मावसभावास फोन लावला. डिस्कचें नांव काढतांच पलीकडून मोठ्यानें आवाज आला, "अरे, ती तुझ्याकडे आहे होय! मी येथें घरभर शोधली. आई रागावेल म्हणून कोणाला बोललों नाहीं."

दुसऱ्या दिवशीं ती डिस्क नीट बांधून कुरिअरनें पाठविली. उरलेल्या सहा डिस्क नागपूरच्या दुकानांत गेल्या. सूट कमी पडली म्हणून चिरंजीवांना नव्या खेळासाठीं नाताळापर्यंत पैसे सांठवावे लागले. त्यांनीं कुरकुर केली नाहीं. आम्हांला मात्र त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं. दूर बोगद्याकडून गाडीची शिटी ऐकूं येत होती, आणि खिडकींतून हात हालविणारा एक मुलगा डोळ्यांपुढून हालत नव्हता.