व्होल्गाकाठच्या निझ्नी नोव्हगोरोदला जाण्यापूर्वी

रशियाला जाऊन आलो असे सांगितले, की मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांचीच चौकशी होते. आम्ही उभयतांनी मात्र गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आठ दिवस काढले ते निझ्नी नोव्हगोरोद या नदीकाठच्या शहरात. ओका नदी जेथे व्होल्गेला मिळते, तेथे १२२१ साली वसलेले हे शहर. सोव्हिएत काळात त्याला मॅक्झिम गॉर्कीचे नाव होते आणि परदेशी माणसाला तेथे प्रवेश नव्हता. परतल्यावर अनेक परिचितांनी तपशील विचारला, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यात माझी एक चूकही सांगणार आहे, कारण वाचकांना तिचाच उपयोग अधिक होईल.

हेच शहर का, याचे उत्तर माझ्या नोकरीत आहे. बँकेच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकात तेथील स्टेट बँकेच्या इमारतीचे चित्र मी पाहिले होते. बँक कसली, परीकथेतला राजवाडाच! निवृत्तीनंतर ती पाहायचीच, असे तेव्हापासून मनात होते.

प्रथम परवान्याविषयी. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. दूतावासात खेटे घालावे लागत नाहीत. छायाचित्र आणि पारपत्राची प्रत संगणकावरून पाठवली की साधारण चार दिवसांत काम होते. सध्या तो १२० दिवस वैध असून त्यात ३० दिवस राहता येते. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना ते पुन्हा वाचावेत. रशियाचे युद्ध अद्याप चालू आहे, हेही विसरू नये. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहूनच तिकीट काढावे, विमा रशियात लागू होतो याची लेखी खात्री करावी आणि लष्करी वाहने, पूल, स्थानके यांची छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा.

आता पैशांविषयी. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरील बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे तेथे चालत नाहीत. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. तरीही परकीय चलनाच्या एका विक्रेत्याने 'हे कार्ड वेगळे आहे, सगळीकडे चालते' असे ठामपणे सांगितले आणि पस्तीस वर्षे काउंटरच्या आत बसलेला मी काउंटरबाहेर उभा राहताच भाबडा ग्राहक झालो. पत्नी म्हणाली होती, "अहो, सगळे रोखच घेऊया." मी तिला हसून म्हणालो, "बँकेतले तू मला शिकवू नकोस."

मॉस्कोच्या विमानतळावरील यंत्राने ते कार्ड तीन वेळा परत केले. खिशात रोख तीनशे डॉलर होते. त्यातील दोन नोटांवर शाईचा शिक्का होता, म्हणून बदलून देणाऱ्या खिडकीने त्या नाकारल्या. परक्या देशात, भाषा येत नसताना, उरलेल्या शंभर डॉलरांत दोघांचे आठ दिवस कसे जाणार, या विचाराने माझे हातपाय गार पडले. पत्नीने काही न बोलता स्वाध्यायाच्या पुस्तकाच्या पिशवीतून एक लिफाफा काढला. अमेरिकेतील मुलीने वेळोवेळी दिलेले आठशे डॉलर तिने जपून ठेवले होते. नोटा कोऱ्या होत्या. "लागतील असे वाटले," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा रशियाला निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. परदेश प्रवासाला सामान्यतः एका खेपेस तीन हजार डॉलरपर्यंतच रोख चलन मिळते. परंतु रशियासाठी रिझर्व्ह बँकेने सवलत ठेवली असून मंजूर परकीय चलन पूर्णपणे रोख नोटांच्या रूपात घेता येते. नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि डागविरहित मागून घ्याव्यात. पावती जपावी. रक्कम दोघांकडे विभागून ठेवावी. रूबल तेथील बँकेतच घ्यावेत, रस्त्यावर कोणाकडूनही नाही. रेल्वेचे तिकीट आपल्या कार्डाने संगणकावर काढता येत नाही. पारपत्र दाखवून स्थानकाच्या खिडकीवर रोखीने घ्यावे. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला द्यावे. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा मात्र जवळ ठेवता येतात.

दिल्लीहून मॉस्कोला थेट विमान आहे आणि मॉस्कोहून निझ्नीला वेगवान रेल्वेने सुमारे चार तास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रेल्वेस्थानक ओकेच्या सखल काठावर आहे, तर जुने शहर समोरच्या टेकड्यांवर. मेट्रोने नदी ओलांडली की पुढचेच स्थानक गोर्कोव्स्काया. त्याच्या आसपास राहिल्यास बहुतेक सारे पायी पाहता येते. हॉटेलात उतरल्यास परदेशी पाहुण्याची नोंदणी हॉटेलच करते. खासगी घर घेतल्यास घरमालक ती करणार का, हे आधी विचारावे. नकाशा आणि भाषांतराची सोय भ्रमणध्वनीत आधीच उतरवून घ्यावी. तेथील सिमकार्ड परदेशी माणसाला सहज मिळत नाही.

भोजनाचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधी निघतो. आम्ही स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली होती. डाळ, तांदूळ, मेतकूट, खाकरे आणि एक लहान कुकर सोबत होता. बाजारात 'ग्रेच्का' मिळते, म्हणजे आपला कुट्टू. पाण्यात शिजवून तूप घातले की पोटभरीचे होते. पनीरासारखा 'त्वोरोग', काकडी, कोबी, सफरचंद विपुल. 'पोस्नोए' हा शब्द पाठ करावा. तेथील ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचे हे अन्न मांस, दूध, अंडे यांविना असते. मात्र त्यात कांदा, बटाटा, अळंबी किंवा मध असू शकतो आणि काही दिवशी मासाही चालतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. पत्नीचा रात्रिभोजनत्याग आहे. तिला सूर्यानेच साथ दिली. जूनच्या सुमारास तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या आसपास होतो. डिसेंबरात तो दुपारी साडेतीनच्या सुमारास होतो, हे नियम पाळणाऱ्यांनी हिशेबात धरावे. चातुर्मासापूर्वीचा मे-जून आपल्याला सर्वार्थाने सोयीचा.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. सोळाव्या शतकातील लाल विटांचा क्रेमलिन, त्याचे तेरा बुरूज आणि तटावरून दिसणारा संगम. वैमानिक च्कालोव्हच्या नावाचा, इंग्रजी आठच्या आकाराचा जिना १९४९ साली पूर्ण झाला. त्याच्या पायऱ्या पाचशेहून अधिक आहेत, तेव्हा गुडघे सांभाळून तो उतरावा, चढू नये. व्होल्गेवरून पलीकडच्या बोर गावी जाणारा ३.६ किलोमीटरचा तारमार्ग २०१२ साली सुरू झाला. वारा वाढल्यास तो थांबवतात, म्हणून तो शेवटच्या दिवसावर टाकू नये.

संगमापाशी १८१७ पासून रशियातील सर्वांत मोठी जत्रा भरत असे. चीनचा चहा, उरलचे लोखंड, इराणचा माल तेथे येई. पण त्याही आधीची एक आठवण आपल्या मातीशी जोडलेली आहे. पंधराव्या शतकात त्वेर शहरातून निघालेला अफानासी निकितिन हा व्यापारी याच निझ्नीत दोन आठवडे थांबला, पुढे आस्त्राखानजवळ लुटला गेला आणि अखेर आपल्या चौलला उतरून जुन्नरला पोहोचला. विकण्यासाठी आणलेला एकच घोडा एवढे त्याचे भांडवल. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तोही काही काळ हिरावला होता. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. परमुलुखात भांडवल हातचे जाणे म्हणजे काय, हे त्या विमानतळावर मला थोडेसे उमगले होते.

शेवटी ती बँक पाहिली. बोल्शाया पोक्रोव्स्काया या पादचारी रस्त्यावरील ही इमारत रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीनिमित्त १९१३ साली पूर्ण झाली. उंच छपरे, मनोरे, आत चित्रकार बिलिबिनच्या रेखाटनांवरून रंगविलेली छते. आणि आजही तेथे बँकेचेच काम चालते. आम्ही समोर बराच वेळ उभे होतो. पत्नी म्हणाली, "बाहेरून तर पाहिली. आपल्या घरच्या बँकेत काय आहे, ते कधी दाखवणार?"

तिने ते सहज विचारले, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत मी फुली मारीन तेथे तिने सही केली. ठेवी कोणत्या, मुदत कधी संपते, वारसनोंद कोठे आहे, लॉकरची किल्ली कोठे असते, हे मी तिला कधी सांगितले नव्हते. शेकडो विधवा भगिनींना काउंटरवर गोंधळलेल्या पाहूनही नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघे सारी कागदपत्रे घेऊन बसलो. आता एका वहीत सगळे तिच्या अक्षरात लिहिलेले आहे. प्रवासाची तयारी करणाऱ्या समवयस्क बंधूंना एवढीच विनंती, की निघण्यापूर्वी डॉलरच्या नोटा तपासाल, त्याच दिवशी घरातली ही वहीही लिहून काढावी.