परसातली फरसबंदी

पुढचं अंगण पाहुण्यांचं असतं, परसदार घरातल्यांचं. वाळवणं तिथं, धुण्याचा दगड तिथं, शेंगा फोडता फोडता मारलेल्या गप्पाही तिथंच. आमच्या परसात एक जुना कडुलिंब आहे आणि त्याच्या सावलीत चार खुर्च्या मांडता येतील एवढी जागा. पण ही सोलापूरकडची काळी माती. पावसात फुगते आणि चपला धरून ठेवते, उन्हाळ्यात आकसते आणि हाताचा पंजा आत जाईल अशी भेगाळते. ती चार खुर्च्यांची जागा बांधून काढायची, आणि तीही आपल्या हातांनी, असं मी ठरवलं.

ऐकणारे सगळे एकच सांगत होते, कोबा करून टाका. कोबा गुळगुळीत होतो, लवकर होतो. पण काळ्या मातीवर घातलेली सलग सिमेंटची लादी खालच्या फुगण्या-आकसण्याबरोबर तडकते, आणि एकदा तडकली की फोडण्यावाचून इलाज नसतो. शहाबादी फरशीचा मोह होताच. कलबुर्गीकडच्या खाणींतला हा चुनखडक मुळातच थराथरांनी बसलेला, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची जमीन त्यानंच झाली. शेवटी मात्र सिमेंटचे सुटे ठोकळे घेतले, आपण ज्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतो ते. २०० बाय १०० मिलिमीटरचे, ६० मिलिमीटर जाडीचे. एकेकाचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास आणि चौरस मीटरला पन्नास लागतात. उचलायला एक माणूस पुरतो. जमीन कुठं खचली तर तेवढेच काढायचे, खाली भर घालायची, तेच परत बसवायचे.

ही युक्ती नेदरलँड्सची. तिथली जमीन सखल, भुसभुशीत, सतत खचणारी. म्हणून रस्ते सुट्या विटांचे करायची जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उभारणीत विटा पुरेनात, तेव्हा त्याच मापाचे सिमेंटचे ठोकळे रूढ झाले. हलणाऱ्या जमिनीशी झगडण्यापेक्षा तिच्याबरोबर हलू शकेल असं काही तिच्यावर ठेवावं, हा त्यामागचा शहाणपणा मला फार आवडतो. आमच्या काळ्या मातीलाही तो लागू पडतो.

खरं काम दिसतच नाही, ते खाली असतं. चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका बाजूवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजायचे. तिरकं अंतर पाच फूट भरलं की कोपरा बरोबर. मग कुदळ. काळी माती फूट-दीड फूट तरी काढावी लागते. ती जड, चिकट, फावड्याला सोडत नाही. पण वास असा की काढताना वाईट वाटतं. ती मी केळीच्या आळ्यात टाकली. खड्ड्यात मुरूम भरायचा, तोही एकदम नाही. चार बोटांचा थर, वर पाणी, मग धुमस. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा धुमस. पहिल्या घावांचा आवाज मऊ येतो, मग हळूहळू तो बदलत जातो, टणक होतो, आणि धुमस हातात उसळी घेऊ लागली की थर बसला हे कान आणि मनगट दोन्ही सांगतात. कोकणात पावसाळा सरला की खळं खणून, भिजवून, चोपण्यानं चोपतात आणि शेणानं सारवतात. दरवर्षी नव्यानं. धुमस चालवताना मला त्या माणसांविषयी मनापासून आदर वाटत होता. जमीन ठोकून घट्ट करण्याची ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे.

गल्लीत एक वयस्कर गवंडी राहतात. त्यांना विचारलं, "मामा, उतार किती धरू?"

"फुटाला पाव इंच. जोत्यापासून लांब. पाणी पळताना दिसलं नाही तरी चालेल, थांबलेलं दिसता कामा नये."

दोरी आणि पाण्याची नळी घेऊन तसाच उतार काढला. मुरमावर बारीक खडी, तीही ठोकून. तिच्यावर इंचभर वाळू, पाट्यानं सारखी ओढलेली. ही वाळू मात्र ठोकायची नाही, तिच्यावर पायही द्यायचा नाही. मांडलेल्या ठोकळ्यांवर बसून पुढचा ठोकळा मांडायचा, रबरी हातोड्यानं दोन हलके ठोके द्यायचे. एक उभा, एक आडवा. कडेला शहाबादीच्या पट्ट्या उभ्या गाडल्या, नाहीतर सगळी बैठक बाजूला सरकते. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूनं सांध्यांत भरायची. त्या वाळूच्या घर्षणानंच ठोकळे एकमेकांना धरतात. एकावर पडलेला भार शेजारचे वाटून घेतात. सांध्यांत मुळीच सिमेंट नाही. पावसाचं थोडं पाणी तिथून झिरपतं, उरलेलं उतारानं अळूच्या वाफ्याकडे जातं.

कडुलिंबाभोवती मी काहीच घातलं नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तरी आजही गावोगावी बुंध्याला टेकून सिमेंट ओतलेलं दिसतं, आणि ते पाहून जीव कळवळतो. ज्या नेदरलँड्सनं ठोकळ्यांची ही रीत रुजवली, तिथं आता बागांमधल्या फरशा उपटून माती मोकळी करायची स्पर्धा चालते. २०२० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या दोन शहरांत ती सुरू झाली, पुढच्या वर्षी देशभर गेली. पाणी मुरायला जागा उरली नाही, हे त्यांना घराघरांच्या बागांत कळलं.

तुम्ही परस बांधायला काढाल तेव्हा आधी खुर्च्या मांडून बघा आणि तेवढीच जागा बांधा. झाडाच्या बुंध्यापासून दोन हात लांब राहा, आणि सांध्यांत सिमेंट ओतू नका.