हवा न धरणारा काइट

गोव्यातल्या मोरजीला फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपार कलली की वायव्येकडून खारा वारा सुटतो. काइटसर्फिंगला हवा तसा, एकसारखा. पण त्या वाऱ्यात माझ्या काइटची पुढची फुगीर नळी, म्हणजे लीडिंग एज, थोड्या वेळात मऊ पडू लागली. काइटची टोकं आत दुमडत होती, हातातला बार ओढला तरी काइट उशिरा वळत होता.

हे दुखणं अंगावर काढू नये. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवेने फुगणाऱ्या काइटसाठी पेटंटचा अर्ज केला, तो पाण्यात पडलेला काइट तिथूनच पुन्हा उडवता यावा म्हणून. हवा गेली की ती सोयच संपते. शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. तिथे मऊ काइट घेऊन उतरणं मला मुळीच मान्य नाही.

काइटच्या नळीत दोन थर असतात. आत पॉलियुरेथेनची पातळ पिशवी, तिला ब्लॅडर म्हणतात, आणि वर डॅक्रॉनचं मजबूत कापड. सायकलची ट्यूब आणि टायर यांच्यासारखंच. आधी काइट पूर्ण भरून व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं. पुष्कळदा आतल्या पडद्यात वाळूचा एखादा कण अडकलेला असतो आणि गोड्या पाण्याने धुतलं की काम भागतं. इथे मात्र व्हॉल्व्हच्या तोंडाशी एकही बुडबुडा नव्हता. फेस येत होता तो कापडाच्या भोकाच्या कडेने. म्हणजे व्हॉल्व्हची चकती ब्लॅडरपासून सुटत होती. ऊन, मीठ आणि वय यांनी तिचा डिंक मरतो. उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीची डिकी तर त्याचा काळच.

ब्लॅडर बाहेर ओढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना लांब दोऱ्या बांधल्या. काम संपल्यावर याच दोऱ्या त्याला कापडातून परत आत नेतात. बाहेर काढलेल्या ब्लॅडरमध्ये अगदी थोडी हवा भरायची. वरच्या कापडाचा आधार नसताना जास्त भरली तर तो एका जागी फुगून फाटतो.

सुपरग्लू लावून मोकळं व्हा, असा सल्ला किनाऱ्यावर हमखास मिळतो. तो डिंक वाळून कडक होतो आणि ब्लॅडर सतत वाकतो, त्यामुळे तिथेच तडकतो. मी मागे चिकट थर असलेला नवा व्हॉल्व्ह आणला. जुनी चकती हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश सोलली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने ती जागा पुसत बसलो. जुना डिंक, खारटपणा, बोटांचा तेलकटपणा, सगळं जाऊन फडकं कोरं निघेपर्यंत. या दुरुस्तीचा जीव या पुसण्यात आहे. चिकटवणं त्यामानाने क्षणाचं. भोकातून आत चिमूटभर टाल्कम पावडर सोडली, नाहीतर समोरची भिंत डिंकाला चिकटते. कागद सोलून भोकावर भोक जुळवलं आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत गेलो. सुरकुती राहिली तर हवा तिच्यातूनच वाट काढते. पुढे २४ तास त्याला हात लावला नाही.

ब्लॅडर परत घालायला दोन माणसं हवीत. भाचा दोरी ओढत होता, मी इकडून कापड सरकवत होतो. मध्येच तो ओरडला, "मामा, थांब, पीळ पडलाय!" पीळ तसाच राहिला असता तर पंप मारताना ब्लॅडर फुटला असता. तो काढून आम्ही अर्धीच हवा भरली, नळी हाताने चोळत ब्लॅडर सारखा केला आणि प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या भोकाच्या बरोबर मध्ये आला का ते पाहिलं. लोक हे टाळतात, याचं मला वाईट वाटतं. व्हॉल्व्ह तिरका बसला की भरलेली हवा त्याला एका बाजूने ओढत राहते आणि नवा डिंकही उचकटतो.

मग काइट पूर्ण भरून रात्रभर घरातच ठेवला. सकाळी नळी टणक होती, टिचकी मारली की घुमत होती. मधल्या स्ट्रटच्या, म्हणजे लीडिंग एजला जोडलेल्या आडव्या नळीच्या, व्हॉल्व्हची कडा मात्र पिवळट दिसते आहे. त्याच्या मापाचा व्हॉल्व्ह मागवला आहे. पावसाची हवा दमट व्हायच्या आत तोही बदलून टाकणार आहे.